घाटातला शेंदूर

जगात विश्वास ठेवण्यासारखी एकच वस्तू आहे, ती म्हणजे आपण स्वतः लावलेलं कुलूप, असं आमच्या आतोबांचं ठाम मत होतं. आणि तेही ते तीनदा ओढून बघत. वाईत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. भाजी घ्यायला जाताना ते घरचं वजन पिशवीत टाकून नेत. लग्नपत्रिकासुद्धा तीनदा वाचत, न जाणो, कुठे आपल्याला अडकवलेलं असायचं. आणि सही? ती त्यांनी जन्मात कशावर केली नव्हती. रजिस्टर आलं की पोस्टमन आत्यालाच हाक मारी. "सही म्हंजे आपली मानगूट दुसऱ्याच्या हातात दिल्यागत हाय बघ," ते मला सांगत.

अशा माणसाला पसरणी घाटातल्या सायकल शर्यतीचा पंच कोणी केला, हे मला आजवर कळलेलं नाही. वाईतून सुटायचं आणि घाट चढून पाचगणीच्या अलीकडे थांबायचं, अशी ती शर्यत. भरलेले ट्रक त्या चढावर मुंगीच्या पावलाने चालतात, आणि मागची साखळी धरून फुकट वर जाणारे महाभाग दरवर्षी असतातच. आतोबांच्या मते तर सगळेच धरत. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास त्यांनी यावर तोड काढली. सकाळीच पायथ्याला जाऊन चहाला थांबलेल्या ट्रकांच्या साखळ्यांना तेलात कालवलेला शेंदूर फासला. ड्रायव्हर लोकांना वाटलं पूजा चाललीय. त्यांनी हात जोडले. मग आम्ही त्यातल्याच एका ट्रकमधून वर जाऊन बसलो.

पहिला आला तो पाटणचा एक दूध घालणारा गडी, विशी-बाविशीचा, किटल्या अडकवायच्या जाड सायकलवर. मागे चिटपाखरू नाही. आतोबांनी त्याचा हात धरून पालथा-उलथा केला. उजवा तळवा लालभडक.

"ट्रक धरलास."

"न्हाई वो. पायथ्याच्या म्हसोबाला हात लावला. उतरून पाया पडलो, मग चढलो."

"चोर देवाचंच नाव घेतो."

त्याचा नंबर कापला. तो भांडला नाही. "मी पयला आलोय," एवढंच दोनदा म्हणाला आणि निघून गेला. आतोबा खूश होते. मला मात्र त्या पोराचा चेहरा बघवला नव्हता.

संध्याकाळी आम्ही उतरलो. पायथ्याला आतोबा सवयीने म्हसोबापुढे वाकले, दगडाला हात लावला, कपाळाला नेला आणि मध्येच थांबले. तळवा लालभडक. सकाळी वाटीत उरलेला शेंदूर वाया कशाला घालवा म्हणून त्यांनी स्वतःच म्हसोबाला फासला होता. वाटी मीच धरली होती, आणि माझ्याही डोक्यातून ते गेलं होतं. ते तसेच शर्यतवाल्यांकडे निघाले.

शर्यतवाल्यांनी निकाल फिरवायला नकार दिला. तेव्हा आतोबा दुकानातली सर्वांत चांगली सायकल यष्टीच्या टपावर टाकून मला घेऊन पाटणला गेले. तो गडी गोठ्यात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, सायकलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आज द्याल, उद्या चोरली म्हनाल. सायकल नको मला. मी पयला आलो, तेवढं लिहून द्या."

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीचं पान फाडून लिहिलं: घाटात हा पहिला आला, चूक माझी. आता ते तीनदा वाचणार म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. त्यांनी एकदाही वाचलं नाही. पान मांडीवर घेतलं, आणि पहिलीतल्या मुलासारखी एकेक अक्षर जोडत सही केली.

आतोबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्याकडे त्यांच्या हस्ताक्षरातलं काहीही नाही. जे आहे ते पाटणला, त्या गोठ्याशेजारच्या घरात.