मामाने लावलेल्या खुणा

रुग्णालयाच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत सगळे तिला ‘जोडपदवी’ म्हणत. हे नाव तिथल्या शिपायाने पाडलं होतं. सकाळी कॉलेज आणि दुपारी प्रयोगशाळेत मदतनीस, असा तिचा दिवस जायचा. कॉलेजात एकाच पदवीखाली दोन विषय होते, जीवशास्त्र आणि बुद्धिमान संगणक प्रणाली. फॉर्मवर सही हवी असली की जीवशास्त्रवाले म्हणत, “तू संगणकाची ना?” आणि संगणकवाले म्हणत, “तू तर जीवशास्त्राची!” तिसऱ्या वर्षापर्यंत तिने या धावपळीत चपलांचे दोन जोड झिजवले होते.

या वाटेला तिला लावलं ते मामाने. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. वडील गेल्यापासून तो त्यांच्याकडेच राहायचा. एकतीस वर्षं तो त्याच प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्ताच्या स्लाइड तपासत आला होता. ज्या स्लाइडवर तो लाल टिकली चिकटवायचा, तेवढ्याच प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई स्वतः बघायच्या. बाकीच्या सरळ ‘नॉर्मल’ म्हणून जायच्या. त्याच्या नजरेवर सगळ्यांचा एवढा भरवसा.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तिला संगणकाला पांढऱ्या पेशी ओळखायला शिकवायचं होतं. त्यासाठी प्रत्येक फोटोवर कुणा जाणत्याने खूण करावी लागते, ही पेशी कच्ची, ही पक्की. रक्तात कच्च्या पेशी दिसल्या तर प्रकरण गंभीर असतं. चार रविवार मामा जेवणाच्या टेबलाशी ठाण मांडून बसला आणि त्याने दोन हजार फोटोंवर खुणा केल्या.

“तुझं यंत्र माझ्याकडून शिकतंय. म्हणजे मी त्याचाही मामाच की!” तो खुशीत म्हणाला.

यंत्र शिकलं, पण अडखळत. शंभरातल्या एकोणीस पेशींवर त्याचं आणि मामाचं जमेना. संगणकाचे सर म्हणाले, “चुकलेली एकेक पेशी स्वतःच्या डोळ्यांनी बघ.”

तिने बघायला घेतलं. पहिल्या फोटोत पेशीच्या पोटात बारीक फिके ठिपके स्पष्ट दिसत होते. म्हणजे कच्ची. यंत्र म्हणत होतं कच्ची आणि मामाची खूण होती पक्की. दुसरा फोटो तसाच. तिसराही. दहाव्या फोटोपाशी तिने संगणक बंद केला.

त्या रविवारी तिने मामाला तेच फोटो पुन्हा दाखवले.

“ही कशी आहे रे, मामा?”

“पक्की.”

“आणि हे ठिपके?”

“कुठले ठिपके?” मामा पुढे वाकला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. मान थोडी तिरपी करून बघितलं. “स्क्रीन धड नाही तुझी.”

“एकदा डोळे दाखवून येऊ या का?”

मामाचा चेहरा उतरला आणि दुसऱ्याच क्षणी लाल झाला. “तुला मी शिकवलं, यंत्राला तू शिकवलंस. आता ते माझी परीक्षा घेणार?”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “मोठ्या माणसाला असं बोलतात? ऊठ तिथून.”

सोमवारी तिने सरांना सांगितलं. ते म्हणाले, “चुकीच्या खुणा गाळून टाक. अचूकता वाढेल.” जीवशास्त्राच्या मॅडम मात्र म्हणाल्या, “प्रयोगशाळेला कळवायला हवं. पण ते तुलाच करावं लागेल, मी तिथली कोण?”

आठवडाभर तिने ते पुढे ढकललं. समोरच्या खुर्चीवर मामा रोजच्यासारखा स्लाइड सरकवत होता आणि ती ट्यूबवर चिठ्ठ्या चिकटवत त्याच्या हाताकडे बघत बसायची. तो चहाला उठला की ती दोन-चार स्लाइड घाईघाईने तपासायची. शुक्रवारी तिने कपाटातली मागच्या महिन्याच्या स्लाइडची पेटी काढली. त्यात एका शाळेतल्या बाईंची स्लाइड होती. लाल टिकली नव्हती, रिपोर्ट नॉर्मल गेलेला. तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर कच्च्या पेशी जागोजागी विखुरल्या होत्या.

ती स्लाइड मुठीत घेऊन ती डॉक्टरीणबाईंच्या दारात उभी राहिली. आत गेल्यावर तिने काय नि कसं सांगितलं, ते तिला नंतर आठवेना. डॉक्टरीणबाईंनी स्लाइड बघितली आणि फोन उचलला, एवढंच आठवलं.

त्याच संध्याकाळी शाळेतल्या बाईंना दाखल करून घेतलं. मामाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता, म्हणून तो मान तिरपी करून कडेने बघायचा. गेलेली नजर परत येणार नव्हती. आता मामा नमुने स्वीकारण्याच्या खिडकीशी बसतो आणि मोठ्या अक्षरांत नावं लिहितो. तो तिला एका शब्दानेही रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. आई मात्र दहा दिवस ताट वाढून निघून जायची.

खुणा सुधारल्यावर प्रकल्प पहिला आला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “अचूकता एकदम एवढी कशी वाढली?”

“खुणा दुरुस्त केल्या,” ती म्हणाली. कुणाच्या, ते कुणी विचारलं नाही.

निकाल घेऊन ती घरी आली, तेव्हा मामा गॅलरीत बसला होता. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, शाबास म्हणाला. मग हळूच विचारलं, “त्या शाळेतल्या बाई कशा आहेत गं?”

“उपचार चालू आहेत. तीन आठवडे उशीर झाला, त्याने किती फरक पडेल, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.”

“आणि बाकीच्या? जुन्या स्लाइड परत बघताहेत ना?”

“वर्षभराच्या बघताहेत. अजून दोन सापडल्या.”

“डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, हे दोन-अडीच वर्षांपासून चालू असणार,” मामा म्हणाला. “मग या वर्षभराच्या आधीच्या स्लाइड?”

तिला खोटं बोलावंसं वाटलं. पण एकतीस वर्षं त्याच प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला ती काय सांगणार होती!

“त्या नाहीत, मामा. वर्ष झालं की टाकून देतात.”

“हो,” मामा म्हणाला. “मीच तर टाकायचो.”

ती त्याच्या शेजारी बसून राहिली. खालच्या रस्त्यावरून माणसं कामावरून घरी परतत होती. मामा मान तिरपी करून एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होता.