बाईंची सासू

कुठलीही वस्तू हातात आली की बाई आधी ती बोटाच्या पेरांनी वाजवून बघत. कलिंगड असो, खुर्ची असो, ऑफिसात नवीन आलेलं लोखंडी कपाट असो. बाजारात मडकं घेताना आपण सगळ्याच वाजवून घेतो, पण बाई कपाटालाही सोडत नसत. आमच्या साहेबांनी नवीन टेबल करून घेतलं, तेव्हा त्यांच्यासमोरच बाईंनी ते वाजवलं आणि म्हणाल्या, "पोकळ हाय." त्यानंतर साहेब कितीतरी वेळ टेबलाकडेच बघत बसले होते.

एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं. सांगलीला विश्रामबागेत एका भाड्याच्या बंगल्यात कॉम्प्युटरचं ऑफिस निघालं होतं. आजूबाजूच्या साखर कारखान्यांची कामं तिथं यायची. मी झाडलोट करायची, चहा द्यायची आणि यंत्रातून निघालेल्या लांबच लांब कागदाच्या घड्या घालायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवऱ्यानं पलूसला माहेरी आणून सोडलं आणि परत न्यायला आला नाही. वडील जाताना थोडं उसाचं रान माझ्या नावावर करून गेले. कुणाशी बोलायची मला भीती वाटायची. आलेल्या माणसाला पाणी दिलं की मी दाराआड जाऊन उभी राहायची.

बाई तासगावकडच्या, सुभेदाराची लेक. उंच, सावळ्या, चालणं भराभरा. यंत्राच्या खोलीत चपला काढून जावं लागे. बाईंना सारखं आतबाहेर करायचं असे, म्हणून त्यांनी ऑफिसात चपला घालणंच सोडलं. सगळ्या बंगल्यात अनवाणी फिरत. साहेब म्हणाले, "बरं दिसत नाही." बाई म्हणाल्या, "पायात काही नसलं की खाली काय हाय ते कळतं." आणखी एक खूण सांगते. एरवी त्या आमच्यासारखंच बोलत, पण रागावल्या की पुस्तकातलं शुद्ध बोलायला लागत. बाई "आहे" म्हणाल्या की आम्ही समजून जायचो.

तिथं दोघं तरुण प्रोग्रॅम लिहायचे, आणि ते तपासून सही करायचं काम बाईंचं. एक चष्मेवाला, दुसरा मिरजेचा. लिहून झालं की एकदा चालवून बघायचे, कागदावर आकडे उमटले की "चालतंय" म्हणायचे आणि चहा मागवायचे. बाईंना तो शब्द सोसत नसे. "एक चक्कर मारली म्हणून बैल घेता का रं? चिखलात घालून बघा. बुजतो का बघा."

मग त्यांनी स्वतःचं एक काम काढलं. यंत्राला एकेक हुकूम टाइप करून द्यावा लागे. हा प्रोग्रॅम घे, ही माहिती त्याला दे, उत्तर इथं ठेव. हे सगळे हुकूम बाईंनी एकाखाली एक लिहून यंत्रातच ठेवले. आता एक नाव टाइप केलं की यंत्र आपलं आपण ते वाचायचं, प्रत्येक प्रोग्रॅमला बोलवायचं, बाईंनी मुद्दाम तयार केलेली माहिती त्याला चारायचं, आणि आलेलं उत्तर बाईंनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी ताडून बघायचं. जुळलं तर कागदावर इंग्रजीत "बरोबर" उमटायचं. नाही जुळलं तर "चूक", आणि कुठं चुकलं ती ओळ. प्रोग्रॅममध्ये कुणी एक अक्षर जरी बदललं तरी ही सगळी परीक्षा पहिल्यापासून घ्यायची, असा बाईंचा हट्ट. मला हे त्यांनीच जिन्यावर बसून सांगितलं. वाटलं होतं तितकं अवघड नव्हतं.

अशा लिखाणाला ते लोक शेल म्हणत. एकदा बाईंचे वडील बेदाण्याची पिशवी घेऊन आले. लेक आत काय करतेय म्हणून विचारलं, तर चष्मेवाला म्हणाला, शेल लिहितायत. सुभेदार दचकलेच. बाई बाहेर आल्यावर म्हणाले, "आमी तोफेतनं शेल टाकायचो गं. ती लिवायला कवापासनं लागले?"

"ही पण फुटतीच, आबा. पण आधी आपल्याच माणसांवर फोडायची."

म्हाताऱ्यानं जरा विचार केला आणि मान हलवली. म्हणाले, असं आमच्यात असतं तर निम्मी पोरं वाचली असती.

एक दिवस मिरजेच्या त्या मुलाचा प्रोग्रॅम सकाळपासून नापास होत होता. तो कावला. "ही परीक्षा हाय व्हय? सासू हाय सासू. भाकरी पातळ केली तर म्हणती फाटली, जाड केली तर म्हणती कच्ची." सगळे हसले आणि बाईंकडे बघायला लागले. बाई उठल्या, यंत्रापाशी जाऊन काहीतरी टाइप करून आल्या. "आजपासनं तिचं नाव सासू. टाइप करायला पण सोपं हाय. फकस्त माझी सासू कारण सांगून बोलती, एवढं ध्यानात ठेवा."

माझ्या सासूनं मला कधी कारण सांगितलं नव्हतं. ते वाक्य मी घरी घेऊन गेले.

तेव्हा मोठं काम आलं होतं ऊसतोडीच्या यादीचं. कुणाचा ऊस आधी तोडायचा, कुणाचा नंतर, हे लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या, तारखेवरून यंत्र ठरवणार. तुम्ही आमच्याकडचे असाल तर तोड चुकणं म्हणजे काय हे सांगायला नको. ऊस उभा राहिला की त्याला तुरा येतो, आतून पोकळ होतो, वजन जातं. वर्षभराचं पाणी आणि कष्ट मातीत जातात.

या कामासाठी बाईंनी खोटे शेतकरी तयार केले. एकाच गावात एकाच नावाचे दोघं. एकाची लागण एकोणतीस फेब्रुवारीची. एकाचं रान इतकं लहान की त्यात म्हैस वळायची नाही. नावं ठेवायला सगळ्यांना गंमत वाटायची. ढगोबा पाऊसपडे, बिनपाण्याचे बापू, असली नावं. खोटे लोक, पण खोड्या सगळ्या खऱ्या. एकाच नावाच्या दोघांना यंत्रानं एकच समजून एकाला गिळलं, ते सासूनं पकडलं. मिरजेचा मुलगा त्या दिवशी स्वतः बाईंना चहा देऊन गेला.

एका दुपारी बाईंनी मला माझ्या उसाबद्दल विचारलं. कारखान्यात नोंद केलीस का, कुणाच्या नावावर केलीस. मी सांगितलं, नोंद केली, पण मधल्या नावाचा रकाना रिकामा ठेवला. कारकून म्हणाला नवऱ्याचं नाव घाला. ज्यानं मला टाकलं त्याचं नाव माझ्या बापाच्या रानावर मी कशाला घालू? वडिलांचं घालते म्हटलं, तर म्हणाला, लग्न झालेलीला ते चालत नाही. मग मी गप्प उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. शेवटी त्यानं मोकळं सोडलं.

बाई उठून यंत्राच्या खोलीत गेल्या. दोन दिवसांनी चष्मेवाला कागद बघून म्हणाला, ही नवी बाई कोण? हिला मधलं नावच नाही. मी घड्या घालत होते. मान वर केली नाही, पण मला कळलं.

आणि नेमकी तीच बाई नापास झाली. झालं होतं असं, की मधला रकाना रिकामा दिसला की प्रोग्रॅम पुढचे सगळे रकाने एकेक घर अलीकडे ओढायचा. आडनाव मधल्या नावाच्या जागी, गाव आडनावाच्या जागी, तारीख गावाच्या जागी. मग त्याला काही उमगायचं नाही आणि तो ती अख्खी ओळ मुकाट्यानं टाकून द्यायचा. ती बाई यादीच्या शेवटाला नाही गेली, यादीतूनच गेली.

हे कळलं तेव्हा दुसऱ्या दिवशी कारखान्याचे चेअरमन यादी न्यायला येणार होते. मांडव घातला होता, पेढे आले होते. साहेब म्हणाले, दुरुस्तीला वेळ नाही, ती एक ओळ सासूतून काढा. हजारात एखादी असेल अशी. सगळं बरोबर छापून आलेला कागद चेअरमनना दाखवायचा आहे.

बाई म्हणाल्या, "ती ओळ माझ्या हाताने निघणार नाही. प्रोग्रॅम चुकला आहे, परीक्षा चुकलेली नाही."

शुद्ध बोलायला लागल्या होत्या. मी कपबश्या घेऊन बाहेर गेले.

शेवटी साहेबांनी चष्मेवाल्याला सांगितलं. त्यानं त्या ओळीच्या पुढं एक खूण घातली. तशी खूण घातली की यंत्र ती ओळ दिसून न दिसल्यासारखं करतं. घरातली माणसं करतात तसंच. मग सासू चालवली आणि कागदावर वरपासून खालपर्यंत "बरोबर" उमटलं. खाली "तपासून बरोबर" असं लिहून बाईंनी सही करायची होती. बाईंनी पेन हातात घेतलं नाही. सही साहेबांनी केली.

दुसऱ्या दिवशी चेअरमन आले. रांगडा, हुशार माणूस. हार झाले, पेढे झाले. त्यांनी सहज विचारलं, मग यादी पक्की न्हवं? साहेब हो म्हणायच्या आत बाई पुढं झाल्या.

"पक्की नाही. एक बाई गळली आहे."

"कोण बाई? कुठल्या गावची?"

"ती खरी नाही. परीक्षेसाठी मी केलेली आहे."

सगळा मांडव हसला. चेअरमनही हसले. "आवं, खोट्या बाईसाठी खऱ्या लोकांची तोड अडवताय व्हय?"

मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. बाईंनी नुसतं बोट केलं असतं तरी पुरलं असतं. ही बघा खरी, असं म्हटलं असतं तर हसणं तिथंच थांबलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढ्या माणसांपुढं उभं केलं तर माझं काय होईल हे त्यांना ठाऊक होतं. सगळं हसू त्यांनी एकटीनं अंगावर घेतलं, आणि ते थांबल्यावर म्हणाल्या, "नाव खोटं आहे. रिकामा रकाना खरा आहे."

चेअरमन हसायचे थांबले. पण गाडी चालू होती, पुढं दुसरा कार्यक्रम होता. यादी घेऊन ते गेले.

महिना व्हायच्या आत बाईंची बदली साताऱ्याच्या ऑफिसात झाली. तिथं यंत्र नव्हतं. जाताना त्या मला म्हणाल्या, "अक्का, यादीत नाव नसलं तर गप्प उभी राहू नको. ह्या वेळी बोल." आणि अनवाणीच फाटकापर्यंत जाऊन, आठवण झाल्यावर चपला न्यायला परत आल्या.

यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतंच. मी कारखान्याच्या गट ऑफिसात गेले. माझ्यासारख्या आणखी बायका तिथं आल्या होत्या, आणि अनाथाश्रमात वाढलेला एक माणूसही होता. त्यालाही बापाचं नाव नव्हतं. कारकून म्हणाला, काहीतरी नाव घाला, लगेच यादीत घेतो. मी बोलले. म्हटलं, "आमी काय बी घालणार न्हाई. तुमचं यंत्र नीट करा." बाकीच्या बायका माझ्यामागं सरकल्या आणि तिथंच खाली बसल्या. आम्ही दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशी चेअरमनची गाडी आली. त्यांनी आम्हाला बघितलं आणि आत जाऊन विश्रामबागेच्या ऑफिसला फोन लावला.

इकडं विश्रामबागेत चष्मेवाल्यानं प्रोग्रॅम सुधारला. मग त्या ओळीपुढची खूण स्वतःच्या हातानं काढली आणि सासू चालवली. मला हाक मारून कागद दाखवला. इंग्रजी अक्षरं मला येत नव्हती, पण सगळ्या ओळी एकसारख्या होत्या तेवढं दिसलं. माझा ऊस तोवर तुऱ्यावर आला होता. वजन गेलंच. पण तोडला तो माझ्या नावानं.

हे बाईंना सांगायला मी साताऱ्याला गेले. एकटीनं एवढा लांबचा प्रवास पहिल्यांदाच केला. ऑफिस सापडलं, बाई नव्हत्या. राजीनामा देऊन गेल्या, पुण्याकडं गेल्या म्हणतात, असं तिथला कारकून म्हणाला. पत्ता ठेवला नव्हता. तासगावला सुभेदारांकडं पुढं मी निरोप पाठवला, तर तेही लेकीकडं राहायला गेलेले.

कारकून भला माणूस होता. म्हणाला, सामान न्यायला आल्या तर चिठ्ठी देतो. काय लिहू?

मी म्हटलं, "लिवा, सासूनं पास केलं."

त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं. काय समजला असेल कोण जाणे. तेवढं लिहून त्यानं माझं नाव विचारलं. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं.

"मधलं नाव?"

"न्हाई."

"वडिलांचं, न्हाईतर मालकांचं. कायतरी असंलच की."

"मोकळं सोडा."

"असं कसं मोकळं सोडू?"

"पेन उचलायचं, जरा पुढं ठेवायचं," मी म्हटलं.

मग त्यानं पेन उचललं, जरा पुढं ठेवलं आणि आडनाव लिहिलं. चिठ्ठी त्यानं खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलावर ठेवली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर शाईची बाटली ठेवली.