बॅरिस्टरचा दुसरा भाग

कायद्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे, तरी सगळा बाजार त्याला बॅरिस्टर म्हणे. धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानावर पाटीही तशीच: 'बॅरिस्टर वजनकाटे'. ती वाचून अधूनमधून एखादा माणूस घटस्फोटाचे कागद घेऊन आत शिरायचा. आपला हा गृहस्थ त्याला बसवून चहा पाजायचा आणि 'समेट करा' असा सल्ला फुकटात द्यायचा.

खोड एकच, पण भारी. डुगडुगणारं, कललेलं काही त्याला बघवत नसे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पाणसळ, म्हणजे हिरव्या पाण्यात बुडबुडा असलेली ती चपटी पट्टी. कुणाच्या घरी गेला की आधी ती टेबलावर ठेवायची. बुडबुडा मध्यावर आला तर खुशाली विचारायची, नाही आला तर यजमानांना टेबल उचलून धरायला लावायचं. लोक त्याला जेवायला बोलावताना दोनदा विचार करत, आणि बहुतेक वेळा बोलावत नसत.

बॅरिस्टर हे नाव दिलं होतं बायकोने, तेही लग्नाआधी. ती दातांच्या दवाखान्यात कामाला. तिथे लोक तोंड उघडतात पण बोलत नाहीत, त्यामुळे वाचायला निवांतपणा. तिची एक जुनी, गाजलेली, लाडकी कादंबरी होती, दोन जाडजूड भागांची. तिच्यात एक बॅरिस्टर आहे आणि त्याच्यावरून आपलं नाव पडलंय, एवढं त्याला ठाऊक होतं. बॅरिस्टर म्हणजे नायकच असणार, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं. वाचायच्या भानगडीत तो पडला नाही. आपलंच चरित्र आपण काय वाचायचं! दुसऱ्या भागाशी त्याचा संबंध आला तो कपड्यांच्या कपाटाचा पाय मोडला तेव्हा. बरोब्बर तेवढ्या जाडीचं घरात दुसरं काही सापडेना.

"घ्या," बायको म्हणाली होती, "माझा वाचून झालाय."

तेव्हापासून कपाट त्या दुसऱ्या भागावर उभं होतं आणि पहिला भाग कपाटात.

बायकोची धाकटी बहीण समोरच्याच घरात राहायची. 'बॅरिस्टर' हा शब्द कानावर पडला की या मेहुणीला हमखास ठसका लागायचा. तो लगबगीने तिला पाणी आणून द्यायचा.

असं सगळं सुखाने चाललं होतं, आणि टीव्हीवर ती मालिका सुरू झाली. पहिला भाग बघूनच बायको म्हणाली, "अरे, ही तर आपली कादंबरी!" घोडागाडीच्या जागी मोटार, पत्राच्या जागी मोबाइल, हवेलीच्या जागी विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट. कादंबरीत जे एका वाक्यात उरकतं त्याला इथे आठवडा लागायचा. नायिकेने सोमवारी वळवायला घेतलेली मान शुक्रवारी जागेवर यायची. पेपरांत विद्वानांनी साम्यस्थळांवर लेख पाडले. एकाने अकरा शोधली, दुसऱ्याने तीच उचलून चौदा केली आणि पहिल्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप ठेवला. निर्माते म्हणाले, साधर्म्य आढळल्यास योगायोग समजावा. योगायोगसुद्धा असा की नायिकेच्या कुत्र्याचं नावही तेच.

आपल्या गृहस्थाला या वादाशी देणंघेणं नव्हतं. तो वाट बघत होता बॅरिस्टरची. दुकानात भागीदाराला रोज बजावायचा, "अजून मी आलो नाही. मी आलो की बघ!"

शेवटी एका संध्याकाळी मेहुणीच समोरून ओरडली, "भाऊजी, आज तुमची एन्ट्री!" त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. भागीदाराला सहकुटुंब बोलावलं, मेहुणी आली, सगळे दाटीवाटीने सोफ्यावर बसले.

मालिकेत बॅरिस्टरचा करसल्लागार झाला होता. टकलावर आडवे चिकटवलेले चार केस. नायिकेला त्याने हॉटेलात बोलावलं होतं मागणी घालायला. "माझ्या आयुष्यात तुमच्या—" इथवर तो आला, आणि त्याला भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली. झालं! उठला, खुर्चीवर चढला, तसबीर सरळ केली, खाली उतरला आणि वाक्य विसरला. पुढे तो आयुष्याऐवजी खिळ्याबद्दलच बोलत राहिला. नायिका हसत सुटली. मागून पिपाणी वाजली. मग तोच प्रसंग हळू करून पुन्हा दाखवला, मग जवळून, मग वरून.

भागीदाराची बायको डोळे पुसत हसत होती. मेहुणीला असा काही ठसका लागला की ती सोफ्यावरून खाली सरकली. या वेळी तिला पाणी कुणी दिलं नाही.

कारण आपल्या गृहस्थाला आठवत होती एक जुनी संध्याकाळ. सासऱ्यांचं किराणा दुकान होतं, तिथला काटा दुरुस्त करता करता तो त्यांच्या मुलीत अडकला आणि एक दिवस घरी जाऊन तिलाच विचारायला बसला. "मला असं म्हणायचंय की—" एवढं झालं, आणि हाताखालचं टेबल डुगडुगलं. त्याने खिशातल्या कागदाची घडी केली, वाकून टेबलाच्या पायाखाली सारली, वर आला आणि वाक्य विसरला. तेव्हाही ही मेहुणी दाराआड होती.

त्या एन्ट्रीच्या दुसऱ्या दिवशी त्याने कपाटातून पहिला भाग काढला आणि आठवडाभर काट्यांना हात न लावता वाचला. शेवटच्या प्रकरणात तो प्रसंग जसाच्या तसा होता. टकलाचा उल्लेख नव्हता, एवढाच काय तो दिलासा. आयुष्यभर कॉलर ताठ करून मिरवलेलं नाव एका विदूषकाचं निघालं, त्याचं दुःख त्याने गिळलं असतं. पण बायको आपल्याला जन्मभर कोण समजत आली, हा काटा त्याच्या घशातून खाली उतरेना. भागीदाराला म्हणाला, "पाटी काढून टाकायची. सोमवारी शिडी घेऊन ये."

रविवारी दुपारी बायको बाहेरून आली, तर खोलीभर कपड्यांचे ढीग, कपाट रिकामं, आणि नवरा जमिनीवर पालथा पडून कपाटाखालचा दुसरा भाग ओढतोय.

"काय चाललंय हे?"

"बघायचंय पुढे माझं काय होतं ते."

ती समजली. पिशवी खाली ठेवून ढिगाऱ्यातच त्याच्याशेजारी टेकली. "पुढे तुम्ही नाहीच. नकार दिल्यावर बॅरिस्टर परत येत नाही."

"म्हणजे हसायलाच नाव ठेवलं होतंस ना?"

"हो. तुम्ही गेल्यावर आम्ही दोघी बहिणी पोट दुखेपर्यंत हसलो." ती अजिबात गडबडली नाही. "तेव्हा माझा पहिलाच भाग वाचून झाला होता."

"मग होकार कशाला दिलास?" त्याने पुस्तक ओढून बाहेर काढलं. "त्या नायिकेसारखं हसून हाकलून द्यायचं!"

"तिचं काय झालं माहितीये? तिने त्या देखण्या कवीशी लग्न केलं. सबंध दुसरा भाग ती त्याच्या घरात राहते. छप्पर गळतंय, दार लागत नाही, घड्याळ बंद, आणि तो खिडकीत बसून चंद्राकडे बघतोय. चारशे पानं रडते हो ती." तिने त्याच्या हातातलं पुस्तक घेऊन धूळ झटकली. "शेवटी एकटीच स्टुलावर चढते, भिंतीवरची तसबीर सरळ करायला. तिथे मी पुस्तक मिटलं आणि बाबांना म्हटलं, त्या काटेवाल्याला हो कळवा."

मग उठून त्याने कपाट खांद्याने उचलून धरलं. तिने दुसरा भाग होता तिथे सारला.

सोमवारी सकाळी भागीदार शिडी लावून तयार होता. "काढू ना पाटी?"

"काढतोस कशाला?" खिशातली पाणसळ त्याच्यापुढे धरत बॅरिस्टर म्हणाला. "डावीकडे कललीय जरा, तेवढी सरळ कर."