मुशीच्या तेलातली जीप

माझ्या सासूनं वीस-बावीस वर्षं परसात एक जीप सांभाळली. हौस म्हणून नाही. हौस असती तर एखाद्या दिवशी तरी तिच्यात बसून आम्ही कल्याणला सिनेमाला गेलो असतो. तिनं ती सांभाळली सूड घ्यायला, आणि तो घ्यायचा कसा हे पहिली वीस वर्षं तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

सासूचं नाव सगुणाबाई. ठाकुर्लीच्या खाडीकडच्या अंगाला आमची कोळ्यांची वाडी. सासरे, म्हणजे नाथा, खाडीत जाळं टाकायचे आणि सासू टोपली घेऊन डोंबिवलीला विकायला जायची. त्याच खाडीतून रेती काढायचा ठेका दामाजी शेट नावाच्या माणसाकडे होता. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतल्या लष्करी गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा त्यानं एक जीप उचलली होती. तीच घेऊन तो बंदरावर रुबाब करत फिरायचा. त्याच्या रेतीच्या होड्यांनी जाळी फाटायला लागली तशी सासऱ्यांनी तक्रार सुरू केली. शेवटी एका सकाळी बंदराच्या उतारावर ते वाट अडवून उभे राहिले. वरून जीप आली. शेट स्वतः चालवत होता. जीपनं सासऱ्यांना उडवलं आणि पुढं उताराच्या तळाशी असलेल्या विहिरीच्या अलीकडे करकचून थांबली.

सासू टोपली घेऊन मागेच होती. तिनं दोन्ही पाहिलं, उडवलेलंही आणि थांबलेलंही.

कोर्टात शेटनं दोन गोष्टी सांगितल्या. ब्रेक फेल झाले होते, आणि माणूस दारू पिऊन मधे आला. त्याच्याच पदरच्या मेकॅनिकनं ब्रेकची साक्ष दिली, त्याच्याच मुकादमानं दारूची. सासूनं विचारलं, ब्रेक गेले होते तर गाडी थांबली कशी? पण मेलेल्याच्या बायकोचं कोण ऐकतं. शेट सुटला. सासऱ्यांनी जन्मात शिमग्यालासुद्धा घोट घेतला नव्हता. पोटाचं दुखणं होतं त्यांना, वाडीतले लोक त्यावरून त्यांची थट्टा करायचे. पण कोर्टानं म्हटलं म्हणजे झालंच. माझा नवरा गुणाजी तेव्हा शाळेत होता. पोरं त्याला बेवड्याचा पोर म्हणायची. नवऱ्याच्या मरणापेक्षा हे सासूला जास्त लागलं. ती मला एकदा म्हणाली होती, "मानूस तं गेला. पन त्याला दारुरा करून धारला, ह्ये मना गिलता येत नाय."

जीप शेटला अपशकुनी वाटायला लागली, म्हणून त्यानं ती भंगारात काढली. सासूनं मंगळसूत्रातलं सोनं मोडलं आणि भंगारवाल्याकडून ती सोडवून आणली. बाई, हिचं करणार काय, असं त्यानं विचारलं. ठेवीन, एवढंच ती म्हणाली.

मी चेंदणीच्या कोळीवाड्यातून लग्न होऊन आले तेव्हा परसात ताडपत्रीखाली ती उभी होती, आणि तिला वास येत होता. होडीचं लाकूड कुजू नये म्हणून आपल्याकडे मुशी माशाचं तेल लावतात, तेच तेल सासू दर पावसाळ्याआधी जीपला लावायची. वरून, खालून, आत हात जाईल तिथवर. नव्या नवरीच्या हातात पहिल्या महिन्यात लोक काय काय देतात, माझ्या हातात तेलाचं फडकं आलं. मी नाक मुरडलं, तर सासू म्हणाली, "तुज्या सासऱ्याचा खून हाय ह्यो. गंजू द्यायचा नाय." त्यानंतर मी कधी नाक मुरडलं नाही. खरं सांगायचं तर त्या फडक्याबरोबर तिचा राग माझ्याही हाताला लागला, आणि तो कुठल्याच साबणानं गेला नाही.

अठ्ठ्याऐंशी साली नौपाड्याचे चौबळ साहेब आले. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आणि जुन्या लष्करी गाड्यांचं वेड. ठाण्यात त्यांचा सात-आठ जणांचा क्लब होता. कुणाकडे लढाईतली मोटारसायकल, कुणाकडे ट्रकचं नुसतंच तोंड. वाडीत जीप आहे असं एका टेम्पोवाल्यानं त्यांना सांगितलं होतं. ताडपत्री काढली आणि साहेब मटकन खाली बसले. "बाई, हिच्यावर गंजाचा ठिपका नाही," ते म्हणाले. "काय केलंत काय तुम्ही?" सासूनं तेलाचा डबा पुढं केला. त्यांनी वास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भक्तीनं आलं की वासानं, देव जाणे.

मग दर रविवारी क्लबचे लोक यायला लागले. इंजिन उघडलं, रबरं बदलली, वायरी ओढल्या, सगळं स्वखर्चानं. सासू पायरीवर कोळंबी सोलत बसायची आणि त्यांच्या गप्पा ऐकायची. जुन्या गाड्यांचे लोक एकत्र आले की दुसरं बोलतात काय? माझा ट्रक असा होता, माझी मोटारसायकल तशी होती. कसारा घाटात भर पावसात, चिखलात, ओझ्याखाली, कधी म्हणून दगा दिला नाही. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, शेवट तोच.

एका रविवारी ते गेल्यावर सासू कोळंबीचा हात तसाच धरून म्हणाली, "मालन, ह्ये समदे येकच बोलतान. आपले गारीचा वाईट कोनीच बोलत नाय."

"मग?" मी म्हटलं.

"मंग काय. तो पन गारीवालाच ना."

तो म्हणजे शेट, हे मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा अंगावर काटा आला, आणि हसूही आलं.

पुढच्या मे महिन्यात क्लबनं ठाण्याच्या एका मैदानावर प्रदर्शन ठरवलं. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक गाडीपुढे तिच्या जुन्या मालकाला उभं करायचं, नारळ फोडायचा आणि त्यानं माईकवर गाडीची गोष्ट सांगायची. चौबळ साहेब जीप मागायला आले. सासू म्हणाली, न्या, पण पहिल्या मालकाला बोलवायचं आणि मी कोण ते त्याला सांगायचं नाही. साहेबांना वाटलं, म्हातारीला गंमत करायचीय. दामाजी शेट तोवर रेतीवाला राहिला नव्हता. डोंबिवलीत त्याच्या इमारती होत्या, हारतुऱ्यांची सवय झाली होती. तुमची जुनी जीप सापडली, असं ऐकल्यावर तो धावतच यायला तयार झाला. त्या जीपखाली कोण गेलं हे तो विसरला होता का? मला वाटतं, विसरलाच होता. याचा राग मला जास्त येतो.

प्रदर्शनाच्या दिवशी सासूनं वाडीतल्या बायका टेम्पोत भरून आणल्या आणि पुढच्या रांगेत बसवल्या. शेट पांढऱ्या सफारीत आला. नारळ फोडला, ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसला, स्टिअरिंगवर हात फिरवला आणि माईक हातात आल्यावर असा खुलला की विचारू नका. बंदरावरच्या चिखलात ही कशी चालायची, रेतीची पोती कशी ओढायची, सगळं रंगवून सांगितलं. लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी विचारलं, उतारावर भरवसा वाटायचा का हिचा?

"उतारावर?" शेट म्हणाला. "अहो, पाय ठेवला की जागच्या जागी उभी. माझ्याकडे होती तोवर हिचे ब्रेक एकदाही फेल झाले नाहीत."

सासू उठली. लुगड्याचा कासोटा घट्ट करत ती माईकजवळ गेली. "येकदा पन नाय?"

"एकदाही नाही, मावशी."

"मंग माजा नाथा कसा मेला रं?"

त्यानं तिच्याकडे बघितलं आणि मग ओळखलं. त्याचा रंग उतरताना मी पाहिला, आणि मला इतकं बरं वाटलं की ते लपवायची मला लाज वाटत नाही. सासूनं माईकवरूनच सगळं सांगितलं, बंदर, उतार, विहीर, कोर्ट. बायका उठून उभ्या राहिल्या. शेट उतरता उतरता पुटपुटला, "प्यायला होता तो." ते माईकमधून सगळ्यांनी ऐकलं, आणि तो आपल्या मोटारीत बसून निघून गेला.

म्हणजे ब्रेकचं खोटं बाहेर आलं, दारूचं तसंच राहिलं. आम्ही परतायला निघालो. चौबळ साहेब हात जोडून म्हणाले, बाई, आता ही जीप क्लबकडे द्या, आम्ही जपू. ती म्हणाली, अजून नाही. पण एक काम करा, मी सांगते तिथं नेऊन सोडा.

डोंबिवलीत शेटच्या बंगल्यासमोर ठमाबाईचं घर होतं. ठमाबाई आमच्याच जातीची. शेटला तिची जागा हवी होती आणि ती देत नव्हती, म्हणून दोघांचं हाडवैर. तिनं आनंदानं कुंपणाच्या आत जागा दिली. जीप तोंड शेटच्या फाटकाकडे करून उभी राहिली. त्यानं पोलीस पाठवून पाहिले. दुसऱ्याच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीला पोलीस काय करणार.

सोमवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं. दर सोमवारी आम्ही दोघी बालदी घेऊन तिथं जायचो आणि जीप धुवायचो. गल्लीतली पोरं विचारायची, आजी, ही कुणाची गाडी? सासू समोरच्या बंगल्याकडे बोट करून गोष्ट सांगायची, पहिल्यापासून, न कंटाळता. शेटनं गच्चीत बसणं सोडलं. खिडक्यांना पडदे लागले. त्याच्या नातवाला शाळेत पोरं काहीतरी बोलली, असं ठमाबाईनं सांगितलं. त्या पोराचा काय दोष, असं क्षणभर माझ्या मनात आलं. मग मला माझा नवरा आठवला आणि मी बालदी भरायला गेले.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी शेट स्वतः फाटकाबाहेर आला. अंगात नुसता बनियन होता.

"बाई, काय पाहिजे तुला? बोल एकदाचं."

सासूनं फडकं पिळलं. "ब्रेक गेलेले काय रं?"

"नाही."

"नाथा पियाला व्हता?"

त्यानं गल्लीत पाहिलं. दूधवाला थांबला होता, पोरं थांबली होती, गॅलऱ्यांत बायका होत्या. "नाही," तो म्हणाला. "घोटभरही नाही. तो वाट अडवून उभा होता आणि मला राग आला. झालं? आता ही गाडी ने इथून, मी तुझ्या पाया पडतो."

मला वाटलं, संपलं. आता ती जरा रडेल, जीप चौबळ साहेबांना जाईल आणि आम्ही घरी जाऊ. मी बालदी उचलली.

"ठेव ती खाली," सासू मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "माजे पोराला बेवऱ्याचा पोर बोलून मानसा वर्सान् वर्सं हसली. तवा तुजे तोंडातून ह्ये निंगला नाय. आता निंगला तं येकदाच कशाला? फुरच्या सोमवारी येईन. परत इचारीन."

शेट आत गेला. आम्ही जीपची दुसरी बाजू पुसून घेतली.

पुढच्या सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा तो आधीच फाटकाबाहेर येऊन उभा होता, सासूच्या प्रश्नाची वाट बघत.