दादाने उपटलेलं गवत

आमच्या घरात दोन भाऊ. धाकट्याला दिसत नाही आणि थोरल्याला वास येत नाही. थोरले म्हणजे आमचे हे. बारा महिने सर्दी, त्यामुळे दूध करपलं तरी पातेल्याशेजारी निवांत बसतात. धाकटे ते भाऊजी. विशीत आजारपणात डोळे गेले, खोड्या काढायची हौस मात्र शाबूत राहिली.

यांनी ठरवलं, भाऊजींना शहरातल्या संस्थेत पाठवायचं, खुर्च्या विणायला शिकायला.

"बसणार तुम्ही आणि विणणार मी? मला शेतीच करायची," भाऊजी म्हणाले.

घरात धुसफुस सुरू झाली. शेवटी यांनी अट घातली. विहिरीजवळचा तुकडा एक हंगाम एकट्याने कसायचा, कोणी मदत करायची नाही. जमलं तर तुकडा भाऊजींचा, नाहीतर मुकाट्याने खुर्च्या.

भाऊजींनी वाफ्यांच्या कडेने दोऱ्या ताणल्या आणि प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी वासाचं एक रोप लावलं. टोमॅटोला पुदिना, वांग्यांना झेंडू, गाजरांना गवती चहा. पान चुरगळायचं, बोटं नाकाशी न्यायची, की वाफा ओळखला. मी बांधावर गेले की म्हणायचे, "कांद्याचा वाफा चालत आला वाटतं!" लाटणं नेमकं घरी राहिलेलं असायचं.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एका सकाळी भाऊजींनी नुकताच पेरलेला गाजरांचा वाफा रिकामा समजून खुरप्याने उकरला, वर पालक पेरला. यांनी कपाळाला हात लावला. "मी म्हणत नव्हतो?" म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. आता भाऊजींची बॅग भरायची, दुसरं काय!

भाऊजी वाफ्याच्या तोंडाशी बसले. माती चाचपली. गवती चहाच्या जागी खड्डा होता. दुपारी जेवायला बसल्यावर म्हणाले, "दादा, हात दे बघू."

यांनी डावा हात पुढे केला. भाऊजींनी बोटं चाचपली. गवताच्या धारदार पात्यांनी बारीक चिरा पडल्या होत्या. मग तीच बोटं नाकाशी नेली.

"साबण लावलास, तरी वास गेला नाही."

"तू अंघोळीला गेलास तेव्हा जरा तण काढलं," हे पुटपुटले. "मला ते गवतच वाटलं."

"मदत करायची नाही, ही अट कोणाची?"

"माझी."

"मोडली कोणी?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भांड्यात पाहिलं.

"अरे, तण माजलं असतं, तू हरला असतास, तर तुला पाठवावं लागलं असतं!" हे एकदम ओरडले. डोळे भरले होते. "तू गेल्यावर मी भांडू कोणाशी?"

मलाही भरून आलं. भाऊजींनी दादाचा हात सोडला नव्हता.

"मग अट घातलीस कशाला?"

"थोरला आहे. काहीतरी घालायला नको?"

तुकडा भाऊजींचा झाला. दंड म्हणून यांनी गाजरं पुन्हा पेरली, तीही माझी ओढणी डोळ्यांवर बांधून. पहिल्या फटक्यात वांग्यांत शिरले. "वास घे, दादा, वास!" भाऊजी बांधावरून ओरडत होते आणि हे नाक शिंकरून झेंडू हुंगत होते.

आता तिथे अट भाऊजींची चालते: उपटण्याआधी विचारायचं. परवा हे विहिरीपाशी वाकून विचारत होते, "हे गवतच आहे ना रे?"

"थांब," भाऊजी म्हणाले, "आधी मला बघू दे."