एकवीस फुटांची दोरी

देवासात कुणालाही विचारा, तो सांगेल की गणोजीकाकांच्या डाव्या हाताची दोन बोटं सर्कशीतल्या वाघाने खाल्ली. कोपऱ्यावरचा पानवाला तर वाघाचं नावही सांगतो. खरं म्हणजे काकांनी वाघ पाहिला तो तुमच्या-आमच्यासारखाच, पिंजऱ्याबाहेरून. सर्कशीत तीस वर्षं त्यांचं काम एकच. नव्या गावात मैदान मिळालं की मधोमध खुंटी ठोकायची, तिला एकवीस फुटांची दोरी बांधायची, दोरी ताणून पांढऱ्या फक्कीने गोल आखायचा आणि गोलात लाकडाचा भुसा पसरायचा. एकदा खुंटी धरून बसले असताना वरून मारणाऱ्याचा घण चुकला. बोटं तिथे गेली. "वाघ असता तर बरं झालं असतं रे," काका म्हणतात, "निदान पेपरात नाव आलं असतं."

लॉकडाउनमध्ये सर्कस देवासलाच अडकली आणि इथेच मोडली. मालकाने जाताना सितारा नावाच्या घोडीचा लगाम काकांच्या हातात दिला. "आठ दिन में आता हूँ, गणोजी!" तो आठवडा अजून संपलेला नाही.

सितारा आता म्हातारी झाली. दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले. सगळा जन्म रिंगणात काढलेला, त्यामुळे पायांखाली भुसा लागला तर चालते. भुसा संपला की उभी. मग ढकला, ओढा, गूळ नाकाशी धरा, ढिम्म हलणार नाही. म्हणून काकांनी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर दोरी ताणून तिला रिंगण आखून दिलं. रोज सकाळी ते खुंटीपाशी उभे राहायचे, टाळूला जीभ लावून टक-टक करायचे आणि नाकातून म्हणायचे, "हुर्र, बेटा, हुर्रर्र." की निघाली सितारा.

प्लॉट हंबीररावांचा. घराणं दरबारी, तेव्हा बोलणंही तसंच, हात जोडून गळा धरणारं. "गणोजी, पाया पडू का तुमच्या? परवा जेसीबी येतोय. मुलाचा दवाखाना व्हायचाय इथं. तेवढी घोडी हलवा."

"हलवतो की सरकार. कुठं हलवू, एवढं सांगा."

हंबीररावांना एकदम मोबाइल आठवला.

शेवटी काकांच्या सुनेने, विनोदिनीवहिनींनी, नेमावरला आपल्या भावाला विचारलं. शेत आहे, चारा आहे, नर्मदेचं पाणी आहे. "बाबा, सुखात राहील ती तिथं."

"आणि भुसा कोण पसरणार?"

"बाबा!"

घर तिसऱ्या मजल्यावर, खोल्या दोन. काका "बरं" म्हणाले.

त्यांची नात ऋजुता हिंदी शाळेतली. त्या संध्याकाळी आजोबांचं मन रमवायला ती मोबाइलवरचं मराठी अडखळत वाचू लागली. "आजोबा, ये देखो. सर्कस हा शब्द लॅ... लॅटिन आहे. अर्थ, गोल. रिंगण. त्याच्याआधी ग्रीकमध्ये. रोममध्ये असल्या मैदानात घोड्यांचे रथ पळायचे. बाद में इंग्लंडमध्ये एक घोडेस्वार गोल गोल फिरून खेळ करायला लागला. जोकर-बिकर नंतर आले."

"तंबू?"

"तोही नंतर."

"वाघ?"

"खूपच नंतर."

काकांनी तळहात चोळले. "म्हणजे गोल हीच सर्कस? तो तर मी आखायचो. आणि लोकांनी विचारलं, तुम्ही काय होता तिथं, तर मी सांगायचो, काही नाही, मजूर."

शनिवारी ट्रक आला. ड्रायव्हर अंकित आणि चौघे जण तासभर सिताराला ओढत होते. ती भुशाच्या कडेला पाय रोवून उभी. "दादा, ये तो नी चढ़ेगी," अंकित घाम पुसत म्हणाला. विटांच्या ढिगावर बसलेल्या काकांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी जरा उजेड दिसला.

हंबीरराव म्हणाले, "मग क्रेन मागवतो. पोटाला पट्टे लावून उचलू."

उजेड गेला.

मी शेजारचा. कॉलनीभर काकांच्या नकला करत फिरणारा. मला वाटलं, त्यांना धीर द्यावा. म्हटलं, "काका, लावा पैज. ती जात नाही. गेली तर तुमचा आवाज काढणं बंद."

"कायमचं?"

"कायमचं."

काका उठले. मधली खुंटी उपटली, सहा पावलं सरकवून ठोकली, दोरी ताणली. नवा गोल बरोबर ट्रकला लावलेल्या फळीवरून जात होता. नव्या गोलात आणि फळीवर भुसा टाकला, ट्रकमध्येही टाकला, हाताने सारखा केला. मग खुंटीपाशी उभे राहिले. टक-टक. "हुर्र, बेटा."

सितारा निघाली. अर्धा गोल जमिनीवर चालली, मग फळीवर, मग आत. भुसा संपला तिथे थांबली आणि मान वळवून पुढच्या हाकेची वाट पाहू लागली. अंकितने ट्रकचा मागचा फाळका लावला.

काकांनी दोरी गुंडाळून त्याच्या हातात दिली. "एकवीस फूट आहे. तिकडं सांग, कापू नका."

ट्रक वळणावरून दिसेनासा झाला. परवा पोरं मागे लागली, "भिया, एक बार काकांचं हुर्र करून दाखव ना!" काका समोरच विटांवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.