सगुणाची कळशी

मी देवराम. वागळे इस्टेटमध्ये लेथवर बावीस वर्षं हात घासले. उरल्यासुरल्या लाकडाचे भोवरे करायचो. कळव्यात आमच्या आळीतल्या पोरांच्या खिशात माझाच भोवरा असायचा, उगाच नाय सांगत!

फक्त माझ्या सगुणाला कधी दिला नाय. सत्त्याऐंशी साली ती दहा वर्षांची. तिला लाकडी भातुकली करून दिली, कळशी, पोळपाट, लाटणं. भोवरा मागितला की म्हणायचो, "पोरींचं काम हाय का ते?" आता आठवलं की लाज वाटते.

एका रविवारी गलका ऐकून अंगणात आलो. बघतो तर सगुणा रिंगणात! हातात तीच कळशी, बुडाला खिळा ठोकलेला, वर फिरवायची दोरी, जाळी, गुंडाळलेली. समोर शेजारचा आनंद, माझा भोवरा घेऊन. जास्त वेळ फिरेल तो जिंकला.

माझं डोकं फिरलं. "हरलीस तर परत रिंगणात दिसायचं नाय!"

"आणि जिंकले तर?"

"तर खेळ रोज," मी म्हणालो. मला काय, माझा भोवरा हरणार थोडाच!

दोघांनी फेकले. आनंदचा भोवरा जरा वेळानं डुलायला लागला आणि आडवा झाला. कळशी मात्र जागची हलेना, फिरते की नुसती उभी आहे तेच कळेना. एवढं सरळ फिरणारं काही माझ्या हातून कधी निघालं नव्हतं.

"काय केलंस गं हिला?"

"बादलीत सोडली, बाबा. एकच बाजू सारखी खाली जायची. ती दगडावर घासली. आता कशीपण सोड, कुठलीच बाजू फिरून खाली जात नाय."

मी आयुष्यभर मापं घेतली. लाकडाची एक बाजू जड असते, हे माहीत असून कधी बघितलं नव्हतं. अरे, दहा वर्षांची पोर ही!

हरलेला भोवरा रिंगणात ठेवायचा आणि जिंकणाऱ्यानं त्यावर आपल्या भोवऱ्याचा खिळा हाणून खोक पाडायची, हा पोरांचा नियम. सगुणानं हात उचलला, माझ्याकडे बघितलं आणि खाली घेतला.

"बाबा, तू केलायस तो."

मी भोवरा तिच्यापुढे सरकवला. "म्हणूनच मार. जोरात मार, सगुणे!"

खोक चांगली खोल पडली. आनंदला मी दुसरा भोवरा करून दिला, आधी बादलीत सोडून.